खुर्ची मापाची हवी, आणि बसायला शिकवणारा माणूसही

प्रति: विभागीय आयुक्त, अमरावती, जिल्हाधिकारी, जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी व जिल्हा शल्यचिकित्सक, अमरावती आणि अकोला

विषय: मानेच्या मणक्याच्या दुखापतीने चारही हातपाय लुळे पडलेल्यांना मापाची व्हीलचेअर आणि तोल सावरून बसण्याचे प्रशिक्षण जिल्ह्यातच मिळण्याबाबत

आमचे सदस्य कोणी झाडावरून, कोणी विहिरीत पडून, तर कोणी दुचाकीच्या अपघातात जायबंदी झालेले आहेत. त्यांच्या पोटात आणि पाठीत ताकद उरलेली नाही. टेका सुटला की धड कलंडते. तोल सावरून बसता आले तर स्वतःच्या हाताने जेवता येते, दुकान सांभाळता येते, मतदानाला जाता येते. नाही आले तर दिवस बाजेवर जातो.

वाटपात मिळणारी खुर्ची बहुधा एकाच मापाची, घडीची, दवाखान्याच्या वऱ्हांड्यातून रुग्ण न्यायच्या कामाची असते. चौदा इंची माणूस अठरा इंची बैठकीत बसवला की तो एका अंगाला कलतो. रेक्झिनच्या पाठीला लवकरच झोळ पडतो, कंबर पुढे घसरते आणि सगळा भार माकडहाडावर येतो. बेडसोर तिथेच होतो. शिबिरात फोटो निघतात, मापे कोणी घेत नाही.

म्हणून वाटपाआधी प्रत्येकाच्या कुल्ल्यांची रुंदी, मांडीची व पोटरीची लांबी आणि पाठीची उंची मोजावी. अर्धा तास आणि एक टेप पुरतो. बैठका १४, १६ व १८ इंची असाव्यात. गरज असेल त्याची बैठक मागच्या बाजूने दोन इंच खाली करून द्यावी, बाजूचे टेके व छातीचा पट्टा लावावा. दाब कमी करणारी गादी खुर्चीसोबतच मिळावी. काळ्या मातीत पुढची लहान चाके रुततात, म्हणून खेड्यातल्या सदस्याला ती किमान आठ इंची असावीत. सगळ्यांना विजेवरची खुर्ची द्या, असे आमचे म्हणणे नाही.

यात आम्ही नवे काही मागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत खुर्ची देण्याचे आठ टप्पे आहेत. तपासणी, जुळवणी, वापराचे प्रशिक्षण आणि देखभाल त्यातच येतात. आमच्या वाट्याला येते ते फक्त वाटप.

प्रशिक्षणाचे काम नाजूक आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मानेतल्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर दुखापत असलेल्याचे मनगट उचलले जाते, बोटे हलत नाहीत. मनगट वर केले की बोटे आपोआप मिटतात, आणि तेवढ्या मिटण्यावर तो चमचा धरतो, पेला उचलतो. पंजा सपाट पसरून त्यावर रोज भार दिला तर बोटे सैल पडतात आणि ही पकड हातची जाते. बोटे मुडपूनच हात टेकायचा असतो. घरच्यांना हे कोणी सांगत नाही. मालिशवाला बिचारा मायेने रोज बोटे सरळ करत बसतो. पुढचेही क्रमाने यावे लागते: खांदा बाहेर वळवून कोपर अडकवणे, मग एक हात उचलणे, मग दोन्ही, मग कोणी खांद्याला हलके ढकलले तरी सावरणे. उठून बसताना रक्तदाब उतरून भोवळ येते, तेव्हा पहिले काही दिवस जाणता माणूस शेजारी हवाच.

त्यासाठी अचलपूर, दर्यापूर, धारणी, मूर्तिजापूर आणि अकोट येथील शासकीय रुग्णालयांत आठवड्यातला एक दिवस ठरवून फिजिओथेरपिस्ट बसवावा. तिथे खुर्चीच्या उंचीचा रुंद, पक्का पाट असावा. रुग्ण घरी गेल्यावर पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी गृहभेट व्हावी. प्रत्येक जिल्ह्यातून दोन फिजिओथेरपिस्ट मुंबईला हाजीअलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत प्रशिक्षणाला पाठवावेत. १९५५ पासूनची ही संस्था याच कामासाठी आहे. मेळघाटातल्या रुग्णाला मुंबईला पाठवण्यापेक्षा हे स्वस्त पडते. बसण्यात तरबेज झालेल्या आमच्या सदस्यांना नवख्यांना शिकवण्याचे काम मानधनावर द्यावे. फुकट करून घेऊ नये.

मानेच्या दुखापतीनंतर खालच्या अंगाला घाम येत नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा हे जिवावर बेतते. एप्रिल ते जून तपासणी कूलर चालू असलेल्या खोलीतच व्हावी, आणि रांगेत थांबवू नये.

दुरुस्ती पंधरा दिवसांत व्हावी आणि तोवर बदली खुर्ची मिळावी. वर्षातून दोनदा मापे पुन्हा तपासावीत.

पैशाचे म्हणाल, तर स्थानिक स्वराज्य संस्थांनी दिव्यांगांसाठी राखायचा पाच टक्के निधी आहेच. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २५ मध्ये आरोग्यसेवेची आणि २७ मध्ये पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर व स्थानिक संस्थांवर टाकलेली आहे. न वापरता पडून राहणाऱ्या दहा खुर्च्यांऐवजी चार मापाच्या घ्याव्यात; वाटपाचा आकडा घटला तरी आमची हरकत नाही.

या मागण्यांवर ३० दिवसांत संयुक्त बैठक लावावी आणि प्रत्येक मागणीला अधिकाऱ्याचे नाव व मुदत लेखी द्यावी. बैठक तळमजल्यावर, रॅम्प व वापरता येण्याजोगे स्वच्छतागृह असलेल्या ठिकाणी, सकाळी अकरानंतर ठेवावी. लघवीची व शौचाची निगा आटोपून खुर्चीत बसेपर्यंत आमच्या सदस्यांचे दोन-तीन तास जातात.