नुसता हात बसून भागत नाही

'जुन्या ट्रकचालकांना थेट प्रशिक्षक करा' हे गेल्या अंकातलं पत्र वाचलं. हेतू चांगला, उपाय अर्धवट. साध्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवणाऱ्याला दहावी, ५ वर्षांचा अनुभव आणि मोटार मेकॅनिकचं प्रमाणपत्र लागतं. २०२१च्या नियमांनी आलेल्या मान्यताप्राप्त केंद्रांत तर बारावी. उलट, व्यावसायिक चालकासाठीची आठवीची अट २०१९मध्येच गेली. म्हणजे कमी शिकलेला चालक कितीही तरबेज झाला तरी प्रशिक्षक होणार नाही. पत्रलेखकाने याचा विचारच केलेला नाही.

पण नुसता अनुभवही पुरत नाही. आमच्या मनोरीचंच घ्या. मार्वेहून येणाऱ्या फेरीबोटीत ट्रक चढत नाही. इथे ट्रक यायचा तो भाईंदर-उत्तनकडच्या अरुंद रस्त्यानेच. समोरून बस आली की मुरलेला चालक गाडी सहज मागे घेतो. कशी, ते विचारा. 'आरशात बघायचं आणि घ्यायची!' घाटात ब्रेक दाबून न धरता खालच्या गिअरमध्ये का उतरायचं, ब्रेक तापले की काय होतं, हे नवख्याच्या गळी उतरवणं निराळंच काम. (क्लीनरला शिव्या घालत शिकवायची आपली परंपरा आता पुरे.)

केंद्रीय परिवहन मंत्रालयाने अनुभवी चालकांसाठी बारावीची अट शिथिल करावी, पण शिकवण्याची प्रत्यक्ष परीक्षा सक्तीची ठेवावी.

– एक माजी ट्रकचालक, मनोरी