कॅप्टन, आज नको!

रात्री साडेअकराला मोबाइल वाजला की दोनच शक्यता. बॉस किंवा कुणाचं तरी ब्रेकअप. परवा मात्र मावसबहीण होती.

"ताई, जॉब मिळतोय! को-पायलट! छोटी चार्टर कंपनी आहे. घेऊ का?"

मी "सॉलिड!" म्हणून ओरडणारच होते, पण तिचं ते 'घेऊ का' जरा लांबलं होतं.

पायलट म्हणजे गॉगल, खांद्यावर पट्ट्या आणि दुबईत शॉपिंग, असं तुमच्यासारखं मलाही वाटायचं. फंडा वेगळाच आहे बॉस! २०० तास विमान उडवलं की कमर्शियल लायसन्स मिळतं. पण एअरलाइनमध्ये कॅप्टन व्हायचं तर एटीपीएल हवं आणि त्याला किमान १५०० तास. मधले तेराशे आणायचे कुठून? शिवाय मोठ्या विमानाचं टाइप रेटिंग वेगळं, त्याचा खर्चही लाखांत. इथे लायसन्सपायीच मावशीचा फ्लॅट बँकेकडे गहाण पडलाय.

शनिवारी कॉफी घेत आम्ही एक्सेल शीट उघडली. जमेच्या बाजूला: दोन इंजिनांचं खरंखुरं टर्बोप्रॉप, आज नांदेड तर उद्या धुळे, आणि हाताने विमान उडवायची भरपूर सवय. खर्चाच्या बाजूला: दोन वर्षांचा बॉण्ड, माझ्यापेक्षा कमी पगार, रोस्टर नाहीच. रात्री दहाला फोन येणार, 'सकाळी सहाला निघायचंय'. पाहुण्यांच्या बॅगा चढवायच्या, खाण्याचे डबे मोजायचे, वजनाचा हिशेब करायचा, सगळं को-पायलटनेच.

"बॅगा उचलीन गं," ती म्हणाली. "टेन्शन वेगळंच आहे. मागे बसलेला साहेब म्हणाला, सभा आहे, पोचायलाच हवं. समोर ढग. खाली छोटी धावपट्टी, आयएलएस नाही. कॅप्टन वीस वर्षं सीनियर. तेव्हा 'सर, आज नको' म्हणायची माझी हिंमत होईल का?"

मी गप्प. सप्टेंबर २००१ मध्ये माधवराव शिंदे कानपूरच्या सभेला निघाले होते. त्यांचं छोटं किंग एअर विमान खराब हवामानात मैनपुरीजवळ कोसळलं, विमानातले आठही जण गेले. आपण ऑफिसात नको तिथे 'हो' म्हटलं तर फार तर वीकेंड जातो.

मग आम्ही कंपनीला विचारायचे प्रश्न काढले. गेल्या वर्षी तुमच्या को-पायलटचे किती तास झाले? सिम्युलेटर ट्रेनिंग कधी? त्याचे पैसे कोण भरणार? बॉण्ड मोडला तर किती? आणि शेवटचा: हवामानामुळे तुमच्या कॅप्टनने शेवटचं फ्लाइट कधी रद्द केलं, आणि नंतर त्याचं काय झालं?

पहिल्या चारांची उत्तरं ठीक होती. पाचव्याला मॅनेजरसाहेब खूश होऊन हसले म्हणे. "मॅडम, आमचं फ्लाइट कधीच कॅन्सल होत नाही!"

बहिणीने दोन दिवस विचार केला आणि नाही कळवलं. मावशी माझ्याशी बोलत नाहीये. पुढच्या महिन्यापासून ईएमआय सुरू. सध्या बहीण ज्युनियर पोरांना नॅव्हिगेशन शिकवते आणि दुसऱ्या एका चार्टर कंपनीत इंटरव्ह्यू देऊन आलीय. तिथल्या चीफ पायलटने पाचव्या प्रश्नावर म्हणे थेट सांगितलं, "गेल्या जुलैत दोनदा. क्लायंट भडकला. कॅप्टन आहे अजून, तो काय तिकडे चहा पितोय!" पगार आणखी कमी आहे, बॉण्डही आहेच. पण तिथून बोलावणं आलं तर ती जाणार.

एक्सेलमध्ये त्या पाचव्या प्रश्नासाठी कॉलमच नव्हता. आता टाकलाय. आणि सहज म्हणून पहिल्या ओळीत माझ्या ऑफिसचं नाव टाकून बघितलं...

तुम्हीही टाकून बघा!