ढेऱ्यांचं नाव घेता, मग देवळातला दगड कुठे गेला?

आषाढी आली की आपल्या ग्रुपवर एक भांडण ठरलेलं. विठ्ठल कोणाचा? कोणी म्हणतं बुद्धाचा, कोणी जैनांचा, कोणी कानडी. आणि सगळ्या बाजूंची मंडळी दाखला देतात एकाच माणसाचा, रा. चिं. ढेरे यांचा. ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हे नाव सगळ्यांना पाठ. पुस्तक किती जणांनी उघडलंय, ते विचारू नका. (मी तरी कुठला शहाणा? डिप्लोमाला असताना नुसतं नाव ठोकून दिलं होतं. नीट वाचलं चाळिशीनंतर.)

1984 चं हे पुस्तक. 1987 ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पुढे अ‍ॅन फेल्डहाउस या अमेरिकन बाईंनी ते इंग्रजीत नेलं. त्यात ढेरे म्हणतात, विठ्ठल मूळचा गवळी-धनगरांचा देव, मग तो वैष्णव झाला, बौद्ध-जैनांनीही त्याला आपलं मानलं. समन्वय म्हणतात तो हाच. म्हणजे ‘आमचाच’ म्हणणाऱ्यांना तिथे जागाच नाही, आणि नेमके तेच लोक पुस्तकाचा फोटो टाकतात!

पण माझा खरा राग वेगळाच आहे. ढेरे हे बोलले कशाच्या जोरावर? पुराणं, शिलालेख, ओव्या आणि देवळातले दगड. 1978 च्या ‘लज्जागौरी’त त्यांनी जी मूर्ती घेतली, तिला शिरच नाही. पाय फाकून बसलेली बाई. लोकांना बघायची लाज वाटायची. ढेऱ्यांना तिच्यात सगळ्यांना जन्म देणारी आई दिसली.

तशी मूर्ती आज आपल्याकडे सापडली तर काय होईल? सांगतो.

निडीपासून फार लांब नसलेल्या एका गावात गावदेवीचा जीर्णोद्धार झाला. ग्रॅनाइट, स्टीलचं रेलिंग, जयपूरहून संगमरवरी मूर्ती, दात्यांच्या नावांची पाटी. सगळं झकास. लहानपणी तिथे शेंदराने माखलेले चार-पाच दगड बघितले होते. एकावर ढाल-तलवारवाला माणूस होता, वर चंद्रसूर्य. सरळ वीरगळच. कमिटीतल्या एका काकांना विचारलं, ते कुठंयत? म्हणाले, “अरे भाऊ, भंगलेलं पूजेत ठेवत नाहीत. विसर्जन केलं.”

कुठे? तर खाडीत.

कोणी फोटो काढला नाही, कोणी माप घेतलं नाही. कोणाचा वीर होता तो, कोणत्या लढाईत पडला, आता विचारायचं कोणाला? संगमरवराला?

उगाच नाही बोलत. आपल्याच जिल्ह्यात आक्षीला शके 934 चा शिलालेख आहे, मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांत त्याचं नाव घेतात. तोही दगडच आहे. तो कोणी ‘विसर्जन’ केला असता तर?

देऊळ नवं बांधा, कोण नाही म्हणतंय. जुने दगड बाहेर पारावर मांडून ठेवायला किती खर्च येतो? एक गाडी सिमेंट कमी लागेल इतकंच. आणि म्हाताऱ्या बायका देवीची जी गाणी म्हणतात ती मोबाईलवर घेऊन ठेवायला तर फुकटच.

पेण-रोह्यातल्या आणखी दोन गावांत यंदा काम काढायचं चाललंय असं कानावर आहे. तिथल्या मंडळींनी पाया खणायच्या आधी मला फोन करा, कॅमेरा घेऊन येतो. आणि त्या गावदेवीच्या जुन्या देवळात कोणाच्या लग्नाचे, मुंजीचे फोटो काढले असतील, मागे ते दगड दिसत असतील, तर इनबॉक्समध्ये पाठवा.