मांजर पोत्यात घालण्याआधी

राहुरीकर मंडळी, मांजरांचा वैताग आला की आपल्याकडे उपाय ठरलेला असतो. रात्री पोत्यात घालायची, मोटारसायकलवर टाकायची आणि मुळेपलीकडे कुणाच्या तरी उसात सोडून यायची. या उपायाने गल्लीतली मांजरं कायमची कमी झाल्याचं कुणी पाहिलंय का? खरकटं, मटणाच्या दुकानामागचा कचरा, गोदामातले उंदीर सगळं जागच्या जागी राहतं. महिन्या-दोन महिन्यांत दुसरी भाटी येते आणि वापरात नसलेल्या माळ्यावर पिल्लं घालते.

तिचा हिशेब असा. भाटी सहा महिन्यांच्या आसपास माजावर येते, कधी त्याआधीही. दोन महिन्यांत तीन-चार पिल्लं होतात आणि ती दूध पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. पोतं या वेगाला पुरत नाही.

शिवाय पाळलेलं मांजर असं टाकून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. कुठल्याही मांजराला विष घालाल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आणि उसात सोडलेलं मांजर सुखात राहतं, हा निव्वळ समज आहे. तिथे बिबट्या असतो, नाहीतर ते उपाशी मरतं. जगलंच तर गावातले रोग रानमांजरापर्यंत पोचवतं. ऊसतोडीत सापडणारं प्रत्येक पिल्लू घरमांजराचं नसतं, हेही सांगून ठेवतो. ते वाघाटीचं किंवा बिबट्याचं असू शकतं. उचलू नका, तोड थांबवा आणि वनखात्याला 1926 वर कळवा.

खरा उपाय नसबंदीचा. मुंबईत महापालिका संस्थांच्या मदतीने मांजरांची नसबंदी करते. पकडायचं, शस्त्रक्रिया करायची, ओळखीसाठी डाव्या कानाचं टोक किंचित कापायचं आणि पुन्हा त्याच जागी सोडायचं. तिथेच का? कारण ते मांजर आपल्या हद्दीत नवख्याला सहसा टिकू देत नाही आणि उंदीरही धरतं. बोक्यांची भांडणं आणि उग्र वासाचं मुतणं बरंच कमी होतं. मात्र दहातल्या दोघी-तिघींची करून भागत नाही. उरलेल्या भरपाई करतात. गल्ली धरून, एका दमात बहुतेक सगळ्यांची करावी लागते.

पकडण्यात घाई नको. काही दिवस एकाच वेळी, एकाच जागी खायला ठेवा. मग तिथे पिंजरा मांडा. तळाच्या जाळीवर पाय टेकला की मांजर बिचकतं, म्हणून वर्तमानपत्र अंथरा. सुकट अगदी मागच्या टोकाला ठेवा. दार पडताच पिंजऱ्यावर जाड चादर टाका. अंधार झाला की धडपड थांबते. शस्त्रक्रियेआधी किती वेळ उपाशी ठेवायचं, नंतर किती दिवस कोंडायचं, हे पशुवैद्यकांना विचारा. पाजती आई पकडली असेल तर पिल्लं कुठे आहेत ते आधी शोधा. उघड्या हाताने धरायला जाऊ नका. चावलं किंवा बोचकारलं तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी रुग्णालय गाठा. हळद-चुना लावून बसू नका.

मांजराची दया येणाऱ्यांना एक कळकळीचं सांगणं. 9 एप्रिल 2024, गुढीपाडव्याचा दिवस. शेजारच्या नेवासे तालुक्यात वाकडी गावी शेण साठवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक जण उतरला, तो वर येईना म्हणून दुसरा, मग तिसरा. पाच जण गेले. कमरेला दोर बांधून उतरलेला एक जण तेवढा वाचला. शेणाच्या खड्ड्यातला वायू डोळ्यांना दिसत नाही आणि ओरडायलाही वेळ देत नाही. वरून टोपली सोडा, फळी सोडा, अग्निशमन दलाला बोलवा. पण आत उतरू नका. असे खड्डे आजच झाकून घ्या.

आता कामाचं. आपल्या गल्लीतल्या भाट्या मोजा, दोन-चार घरांनी मिळून वर्गणी काढा आणि पशुवैद्यकांना भेटा. एकच माणूस, एकाच जागी खाऊ घालील असं ठरवा आणि खरकटं उघड्यावर टाकणं बंद करा. नगरपरिषदेकडे कुत्र्यांबरोबर मांजरांच्याही नसबंदीची मागणी लेखी करा, आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.