दोष चालकाचा की जमिनीचा?

खंडेनवमीच्या दिवशी भिवंडीच्या गोदामांतून फेरफटका मारावा. फोर्कलिफ्टला कुंकवाची बोटे ओढलेली आणि झेंडूची माळ घातलेली हमखास दिसते. यंत्रात दैवत पाहणारी ही दृष्टी अभिमानास्पदच आहे. परंतु ज्या कोब्यावरून ते यंत्र दिवसरात्र धावते, त्याकडे वर्षभर कोण पाहतो? उखडलेला सांधा, खचलेली गटाराची जाळी, घाईने मारलेले सिमेंटचे ठिगळ. पायी चालणाऱ्यास ज्याची ठेचही लागू नये, असा खळगा या यंत्रास उलथवू शकतो.

कारण त्याच्या रचनेतच आहे. मोटारीसारख्या स्प्रिंगा त्याला नसतात. टायर बहुधा भरीव. पुढची दोन चाके आणि मागच्या आसाचा मध्यबिंदू या त्रिकोणावर त्याचा तोल पेललेला असतो. पुढच्या चाकांत एक मीटर अंतर धरले आणि एक चाक अडीच सेंटिमीटर खाली गेले, तर चार मीटर उंचीवरचे ओझे तब्बल दहा सेंटिमीटर बाजूला झुकते. अशा वेळी उडी मारावीशी वाटणे स्वाभाविक. नेमके तेच जीवघेणे ठरते, कारण डोक्यावरचा लोखंडी सांगाडा उडी मारणाऱ्याच्याच अंगावर येतो. पट्टा बांधून, चक्र घट्ट धरून जागीच बसून राहावे लागते. यंत्र उलटले नाही तरी रोजचे हादरे कंबरेत साठत जातातच. ती दुखापत सहसा नोंदवहीत चढत नाही.

अपघातानंतर मात्र 'चालकाचा निष्काळजीपणा' हा शेरा किती सहज उमटतो! गोदाम एकाचे, माल दुसऱ्याचा, चालक तिसऱ्याच ठेकेदाराचा. मग खळगा कोणाचा?

१९४८च्या कारखाने अधिनियमाच्या ३२व्या कलमाने जमीन भक्कम व सुस्थितीत ठेवण्याचे बंधन घातले होते. पण निव्वळ साठवणुकीचे गोदाम 'कारखाना' या व्याख्येत सहसा बसत नसे. त्याची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षेची २०२०ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून अमलात आली. दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनांना ती लागू होते आणि कामाची जागा धोकामुक्त ठेवण्याचे कर्तव्य थेट नियोक्त्यावर टाकते. निरीक्षकाची वाट पाहत बसण्याचे मग कारण काय? पाळी सुरू होण्यापूर्वी मुकादमाने हातात खडू घेऊन फेरी मारावी आणि प्रत्येक खळग्याभोवती वर्तुळ काढावे. तो बुजेपर्यंत त्या वाटेने ओझे नेण्यास चालकाने नकार दिला, तर त्याची मजुरी कापली जाणार नाही, एवढे मालकाने लेखी द्यावे.