गाठ नसलेले अर्बुद

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील अकराव्या अध्यायात अर्बुदाची लक्षणे आली आहेत. ते वर्तुळाकार, स्थिर, अल्पवेदनायुक्त, खोल मुळाचे, सावकाश वाढणारे व न पिकणारे असते. स्तनाच्या कर्करोगाचा विषय निघाला की आमचे बहुतेक व्यवसायबंधू एवढे सांगून थांबतात. दुग्धवाहिन्यांतून उद्भवणाऱ्या नेहमीच्या कर्करोगापुरते हे साधर्म्य पटते. लोब्युलर प्रकारात मात्र त्यावर विसंबणे आम्हांस धोक्याचे वाटते.

स्तनाच्या आक्रमक कर्करोगांपैकी सुमारे १० ते १५ टक्के या प्रकारचे असतात. पेशींना परस्परांशी बांधून ठेवणारे ई-कॅड्हेरिन हे प्रथिन यात बहुधा नाहीसे झालेले असते. त्याचे सीडीएच१ हे जनुक सोळाव्या गुणसूत्रावर आहे. बंध सुटलेल्या पेशी मुंग्यांच्या रांगेप्रमाणे एकामागून एक ऊतीत शिरतात आणि भोवतालची घडण फारशी मोडत नाहीत. म्हणून गोल, टणक गाठ हाताला लागेलच असे नाही. कधी केवळ जाडसरपणा जाणवतो, कधी स्तनाग्र आत ओढले जाते. मॅमोग्राफीतही तो निसटू शकतो. अशी रुग्णा आल्यास ‘गाठ नाही’ म्हणून कांचनार गुग्गुळ देऊन महिनाभर वाट पाहणे आम्हांस मान्य नाही. मॅमोग्राफी निर्दोष असली तरी सोनोग्राफी, आवश्यक तेथे एमआरआय आणि बायॉप्सी झालीच पाहिजे.

याहून नाजूक प्रश्न पूर्वविकृतींचा आहे. फूट व स्ट्युअर्ट यांनी न्यूयॉर्क येथून १९४१ साली ‘लोब्युलर कार्सिनोमा इन सिटू’चे वर्णन केले. यात त्याच सैल पेशी खंडिकांच्या आत भरून राहतात, बाहेर पडत नाहीत. पेशींचा भरणा कमी असल्यास त्यास अ‍ॅटिपिकल लोब्युलर हायपरप्लेझिया म्हणतात. ही विकृती बहुधा अन्य कारणाने केलेल्या बायॉप्सीत अवचित सापडते. नावात कार्सिनोमा असूनही कर्करोगाच्या अवस्था ठरविणाऱ्या अमेरिकन जॉइंट कमिटीने आठव्या आवृत्तीत, म्हणजे २०१८ पासून, तिला कर्करोगाच्या वर्गवारीतून वगळले आहे. प्लिओमॉर्फिक व फ्लोरिड हे उपप्रकार मात्र अधिक गांभीर्याने घेतले जातात, व ते शस्त्रक्रियेने काढण्याचा सल्ला सहसा दिला जातो.

षट्क्रियाकालाच्या भाषेत हिला स्थानसंश्रय म्हणण्याचा मोह आम्हांसही होतो. उपमा म्हणून ते ठीक आहे. परंतु पुढील धोका केवळ त्या स्थानी नसून दोन्ही स्तनांत वाढलेला असतो, हे त्या चौकटीत कसे बसवावयाचे?

शिवाय हा धोका वर्षाला सुमारे १ ते २ टक्के आहे. म्हणजे दहा वर्षांत दहापैकी आठ-नऊ स्त्रियांना, कोणतेही औषध न घेताही, आक्रमक कर्करोग होणार नाही. अशा स्त्रीस रसायनचिकित्सा द्यावी, पाच वर्षांनी ती निरोगी दिसावी, आणि ‘आयुर्वेदाने कर्करोग बरा केला’ असा लेख लिहावा, हे सहज घडू शकते. त्यात लबाडी असेलच असे नाही, पण तो पुरावाही नव्हे. त्या लेखावर विश्वासून एखादी स्त्री वार्षिक तपासणी सोडून देईल, तर त्याचे उत्तरदायित्व कोणावर?

असे रुग्णानुभव प्रसिद्धीस पाठविताना बायॉप्सीचा मूळ अहवाल, टॅमॉक्सिफेन चालू होते किंवा नाही, आणि दोन्ही स्तनांची तपासणी किती वर्षे झाली, एवढे तरी सोबत जोडलेले असावे.