निकाल मोजता, मग वसुली का मोजत नाही?

राष्ट्रीय लोकअदालतीत हजारो प्रकरणे निकाली निघाल्याची बातमी या खेपेलाही छापून आली आणि सोबत ‘वाद सामोपचाराने मिटवा’ हा सल्लाही. लोकअदालतीला माझा विरोध नाही. तिथे तडजोड झाली की कोर्ट फी परत मिळते, निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचा दर्जा असतो आणि त्यावर अपील चालत नाही. पण तडजोडीत कबूल केलेले पैसे समोरच्याने नंतर दिले का, हे कोणत्याच बातमीत नसते. त्याने दिले नाहीत तर त्या निवाड्यावरही न्यायालयात दरखास्तच (अंमलबजावणीचा अर्ज) लावावी लागते. सगळे अडते ते तिथेच.

दिवाणी दाव्याची माहिती देणाऱ्या लेखांत नोटीस, समन्स, कैफियत, मुद्दे, पुरावा, युक्तिवाद, निकाल असा क्रम सांगतात आणि निकालापाशी थांबतात. निकालाने प्रतिवादीच्या खिशातून एक रुपयाही आपोआप निघत नाही. सर्वोच्च न्यायालयापुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेली आकडेवारी पाहा. देशभरातील न्यायालयांत तेव्हा ८ लाख ८२ हजारांहून अधिक दरखास्ती पडून होत्या आणि त्यांतल्या सुमारे ३ लाख ४१ हजार एकट्या महाराष्ट्रात. देशातल्या दर पाच तुंबलेल्या दरखास्तींपैकी जवळजवळ दोन आपल्या राज्यातल्या! या दरखास्ती लावणारे म्हणजे दावे चालू असलेले लोक नव्हेत. यांच्या बाजूने हुकूमनामा झालेला आहे आणि तरीही ते रांगेत उभे आहेत. दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढावी, उशीर झाल्यास कारणे लेखी नोंदवावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्येच बजावले होते. ३ लाख ४१ हजार हा आकडा त्यानंतरचा आहे. हिंदुस्थानात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असे प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्ये नोंदवले होते. दीडशे वर्षे उलटली तरी तेच वाक्य कल्याणच्या कोर्टाच्या व्हरांड्यात रोज ऐकू येते.

आमच्या चाळीचा पुनर्विकास करणाऱ्याने पर्यायी जागेचे भाडे थकवले. आम्ही दावा लावला, निकाल आमच्या बाजूने लागला, मग दरखास्त दाखल केली. जप्तीचे वॉरंट निघाले की दिलेल्या पत्त्यावर कुलूप असते. बेलिफ तसा अहवाल देतो आणि पुढची तारीख पडते. तोवर कार्यालय दुसरीकडे गेलेले असते आणि गाडी नातेवाइकाच्या नावावर चढलेली असते. देणेकऱ्याला दिवाणी कैदेत टाकायची तरतूद आहे, पण तिथे त्याच्या जेवणाखाण्याचा भत्ता ज्याचे पैसे बुडाले त्यानेच भरायचा. ही तरतूद वाचून संताप येतो.

म्हणूनच सामोपचाराचा उपदेश मला सहन होत नाही. समोरच्याला ठाऊक असते की हुकूमनामा झाला तरी वसुलीला वर्षे जातील. मग तो अर्ध्या रकमेवर सौदा मांडतो आणि थकलेला, म्हातारा, औषधपाण्याला पैसे हवे असलेला माणूस सही करतो. ही तडजोड म्हणून मोजली जाते. माझ्या मते ही कायद्याच्या साक्षीने दिलेली सूट आहे, आणि ती नेहमी बुडवणाऱ्यालाच मिळते. वसुलीचा धाक असेल तरच समझोता बरोबरीचा होतो. दरखास्ती वेळेत निघू लागल्या तर निम्मे वाद कोर्टात येण्याआधीच मिटतील, याबद्दल मला शंका नाही.

हीच गत महारेराची. व्याजासह परताव्याचा आदेश होतो, बिल्डर जुमानत नाही, मग वसुलीचे वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, कारण ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करायची असते. पुढे ग्राहकाने तहसील कार्यालयाच्या खेपा घालायच्या. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला, तेव्हा तिथल्या रहिवाशांना सगळ्यांनी एकच सल्ला दिला: बिल्डरवर दावा लावा. बँकेचे हप्ते चालू, डोक्यावरचे छप्पर जाणार आणि दावा जिंकूनही पैसे कधी हाती येणार याची हमी नाही. हा सल्ला देणाऱ्यांनी आधी एखाद्या दरखास्तीचा रोजनामा वाचावा.

माझ्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक तालुका न्यायालयाने सहा महिन्यांवरील दरखास्तींची संख्या आणि विलंबाची कारणे दर महिन्याला जाहीर करावीत. देणेकऱ्याकडून मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र पहिल्याच तारखेला घ्यावे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ मध्ये ती सोय आहे, फक्त वापरली जात नाही. बेलिफांना पोलीस बंदोबस्त अर्ज केल्याबरोबर मिळावा. आणि लोकअदालतीची बातमी देताना, आधीच्या लोकअदालतीत ठरलेल्या रकमेपैकी किती रुपये खरोखर दिले गेले, हा आकडाही विधी सेवा प्राधिकरणाने द्यावा. तो देता येत नसेल, तर ‘निकाली’ हा शब्द वापरण्याचा अधिकार त्यांना नाही.

– एक दरखास्तदार, ठाकुर्ली (पूर्व)